कारखाना नीट चालवला म्हणून प्रभाग चालवता येईल का?

सातपूरकर (धागालेखक)

गेल्या दोन महिन्यांत आमच्या भागातील काही मंडळी तीन वेळा माझ्या घरी येऊन गेली. महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीला मी उभे राहावे, असा त्यांचा आग्रह आहे. मीच का, असे विचारल्यावर त्यांच्यातील ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "तुम्ही शून्यातून कारखाना उभा केला, पन्नास घरांची चूल तुमच्यामुळे पेटते; मग प्रभाग का नाही चालवणार?" त्यांनी हे मनापासून म्हटले होते, म्हणूनच मला त्यांना लगेच उत्तर देता आले नाही. तो प्रश्न येथे मांडत आहे.

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत मी २७ वर्षे वाहनांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क करतो. दोन जुन्या लेथ घेऊन सुरुवात केली होती. आज संगणकावर चालणारी ११ सीएनसी यंत्रे आणि ५२ कामगार आहेत. ग्राहकाने एखादा लॉट परत पाठवला, तर त्याच संध्याकाळी गेज हातात घेऊन मी स्वतः एकेक शाफ्ट तपासायला बसतो आणि चूक सेटिंगची, हत्याराची की मालाची, हे समजल्याशिवाय घरी जात नाही. निर्णय घेणे, त्याची किंमत मोजणे आणि महिन्याच्या सात तारखेला पगार देणे या तीन गोष्टी मला जमतात, असे मी नम्रपणे म्हणू शकतो.

असे असूनही मी बिचकतो, त्याला एक प्रसंग कारण आहे. तीन वर्षांपूर्वीच्या जुलै महिन्यात आमच्या कामगारांच्या वस्तीमागील नाला तुंबला होता. अर्ज झाले, फोन झाले, दिवस चालले होते. शेवटी मी तासाच्या भाड्याने जेसीबी आणला आणि दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत उभे राहून तो नाला मोकळा करून घेतला. वस्तीने हार घातला. तिसऱ्या दिवशी रात्रभर पाऊस झाला आणि मी काठावर रचून ठेवलेला गाळ वाहत जाऊन खालच्या गल्लीच्या मोरीत अडकला. त्या गल्लीतील नऊ घरांत गुडघाभर पाणी शिरले. मी सकाळी तेथे गेलो, तेव्हा एक बाई शिलाई यंत्राचे पायडल उलटे करून त्यातला चिखल काडीने काढत होत्या. शेजारी ओल्या कापडांचा ढीग होता, सगळी लोकांची ब्लाउजपीस. त्यांनी आवाज न चढवता मला एवढेच विचारले, "नाला उपसायला तुम्हाला कोणी सांगितले होते?"

मी यंत्र दुरुस्त करून दिले, कापडाचे पैसे दिले. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि आजही नाही. कारखान्यात एखादे यंत्र मी इकडून तिकडे हलवतो, तेव्हा सगळी जमीन माझी असते आणि नुकसान झाले तर तेही माझेच असते. नाल्याच्या बाबतीत वरची वस्ती माझी होती आणि खालची गल्ली मी विचारातही घेतली नव्हती. घरी आलेली मंडळी माझ्या ज्या गुणासाठी मला उभे राहायला सांगत आहेत, त्याच गुणाने, म्हणजे झटपट निर्णय घेण्याच्या सवयीने, त्या दिवशी नऊ घरे बुडवली होती.

कायद्यापुरते बोलायचे तर आपल्या संविधानाने आमदार-खासदार होण्यासाठी संपत्तीची वा व्यावसायिक यशाची अट घातलेली नाही. उलट, न्यायालयाने दिवाळखोर ठरवलेला आणि त्यातून मुक्त न झालेला माणूस मात्र अपात्र ठरतो. म्हणजे धंदा पूर्ण बुडून कर्ज अंगावर असेल तर कायदा दार लावतो. परंतु धंदा भरभराटीला आला म्हणून अधिकचे एकही दार उघडत नाही. १९३५ च्या कायद्याखाली मताचा अधिकारच मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता. ते सारे बाजूला सारून आपण प्रौढ मताधिकार स्वीकारला. डॉ. आंबेडकरांनी सायमन आयोगासमोर १९२८ मध्येच त्याची मागणी केली होती. मग "तो धंद्यात यशस्वी आहे, म्हणून त्याला निवडून द्या" असे आपण म्हणतो, तेव्हा जी अट कायद्यातून काढली, तीच मनात परत आणत नाही ना, असे मला वाटत राहते. येथील जाणकारांनी स्पष्ट लिहावे.

मेनरोड

सातपूरकर साहेब, आपला प्रसंग वाचून वाईट वाटले, पण त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आपण चुकलात, हे आपल्याला तिसऱ्या दिवशी कळले आणि चौथ्या दिवशी आपण भरपाई दिलीत. ज्याने आयुष्यात कधी कोणाचा पगार केला नाही, ज्याला उधारी वसूल करण्याची आणि देणे चुकवण्याची धास्ती ठाऊक नाही, तो हे करेल असे आपल्याला वाटते का? आमचे कापडाचे दुकान तिसऱ्या पिढीकडे आहे. गल्ल्यावर बसून माणूस रोज संध्याकाळी हिशेब जुळवायला शिकतो. महापालिकेच्या सभागृहाला नेमकी हीच सवय हवी आहे.

इतिहासातही उदाहरणे आहेत. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे जोसेफ चेंबरलेन स्क्रूच्या कारखान्याचे भागीदार होते. १८७३ ते १८७६ या काळात ते त्या शहराचे महापौर झाले आणि एवढ्या अवधीत त्यांनी खासगी गॅस कंपन्या आणि पाण्याची कंपनी नगरपालिकेच्या ताब्यात आणली, गलिच्छ वस्त्या हटवून शहराचा मध्य नव्याने बांधायला घेतला. नगरपालिकेचा कारभार कसा असावा, हे सांगताना त्यांचे नाव आजही घेतले जाते. आपल्याकडे नंदन निलेकणी यांनी २००९ पासून आधारचे काम उभे केले. मात्र २०१४ मध्ये दक्षिण बंगळुरूतून ते लोकसभेला उभे राहिले, तेव्हा मतदारांनी त्यांना नाकारले. त्यात नुकसान कोणाचे झाले, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो. ज्याचे पोट भरलेले आहे, तो टक्केवारीच्या मागे धावण्याची शक्यता कमी असते.

लेखाशीर्ष

मी राज्यातील एका महापालिकेच्या लेखा विभागात ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो आणि आता नाशिकरोडला राहतो. या चर्चेत पदाचा गौरव होत आहे; पण त्या पदावरचा माणूस नेमके काय करतो, ते कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६७ नुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात. नगरसेवक एकाही अभियंत्याला, एकाही मुकादमाला स्वतःच्या अधिकारात हुकूम देऊ शकत नाही. नाशिक महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत १२२ नगरसेवक निवडून आले आणि बहुतेक प्रभाग चार-चार सदस्यांचे होते. म्हणजे स्वतःच्या प्रभागातही माणूस एकटा नसतो, त्याच्या शेजारी तीन जण बसलेले असतात आणि ते वेगळ्या पक्षाचेही असू शकतात. अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीपुढे मांडतात, समिती त्यात बदल सुचवते आणि मग ते महासभेपुढे येते. स्थायी समितीत १६ सदस्य असतात. एखाद्या गटाराचे काम व्हायचे असेल, तर अंदाजपत्रकात तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातील नोंद आणि शेवटी देयक, असा प्रवास असतो. कारखानदाराला हा विलंब वाटतो. त्यात विलंब आहे, हे मी ३१ वर्षे पाहिले आहे. परंतु यातील प्रत्येक पायरी कोणीतरी कधीतरी परस्पर पैसा वळवल्यानंतर घालावी लागलेली आहे, आणि सातपूरकर साहेबांचा गाळ काठावर न ठेवता वाहून न्यावा, हे ज्या कागदावर लिहिलेले असते तो कागदही त्याच प्रवासात तयार होतो.

म्हणून मी म्हणतो की नगरसेवकाचे खरे काम वाचण्याचे, विचारण्याचे आणि इतरांना पटवण्याचे आहे. मालकाला आयुष्यभर यातले तिसरे काम फारसे करावे लागत नाही. काही मालक ते शिकतात, आणि त्यांच्यापैकी उत्तम सदस्य मी पाहिले आहेत. एक जण तर हार्डवेअरचे दुकानदार होते. निविदेतील पाइपचा दर त्यांना तोंडपाठ असे आणि ते सभेत उभे राहिले की आमच्या विभागातील लोक आपले कागद पुन्हा चाळू लागत. मात्र ज्यांना सभागृहातही मालक म्हणूनच बसायचे होते, ते पहिल्या सहा महिन्यांत चिडले आणि पुढची साडेचार वर्षे सभेला येईनासे झाले.

मेनरोड यांनी चेंबरलेन यांचे उदाहरण योग्य दिले, पण अर्धेच दिले. महापौर असतानाच, १८७४ मध्ये, त्यांनी कारखान्यातील आपला हिस्सा विकून धंदा सोडला होता. शिवाय गॅसवर नगरपालिकेने नफा कमवावा, मात्र पाण्यावर कमवू नये, कारण पाण्याचा प्रश्न आरोग्याचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. नफ्याचे शास्त्र ज्याला उत्तम येत होते, त्यानेच नफा कोठे थांबवायचा हे ठरवले.

आपल्या घरचे उदाहरण याहून मोठे आहे. महात्मा फुले सरकारी बांधकामांची कंत्राटे घेणारे व्यावसायिक होते आणि १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या पुणे भेटीनिमित्त शहर सजवण्यावर एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा असे म्हणून विरोध करणारे ते एकटे होते. कंत्राटदाराने सत्ताधाऱ्याच्या स्वागताला विरोध करायचा म्हणजे पुढच्या कामांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवायची. फुल्यांची पात्रता मला तेथे दिसते.

शेवटी एक थेट प्रश्न, राग मानू नये. याच अधिनियमाच्या कलम १० नुसार महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणारा माणूस नगरसेवकपदासाठी अपात्र ठरतो. आपल्या किंवा आपल्या घरातील कोणाच्या फर्ममधून महापालिकेच्या कामाला काही पुरवठा होतो का?

द्राक्षबाग

निफाड तालुक्यातून लिहितो आहे. शहराच्या प्रश्नात शेतकऱ्याने का बोलावे, असे कोणाला वाटेल. पण यशस्वी व्यापाऱ्याला सत्ता किती द्यायची, हा प्रश्न आम्ही बाजार समितीत रोज जगतो.

बाजार समितीचे संचालक मंडळ १८ जणांचे असते. त्यात ११ शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायट्यांचे, चार ग्रामपंचायतींचे, दोन व्यापारी-आडत्यांचे आणि एक हमाल-मापाऱ्यांचा. समितीत सर्वांत मोठी उलाढाल कोणाची? व्यापाऱ्याची. कांद्याचा बाजार कोणाला जास्त कळतो? व्यापाऱ्यालाच. तरीही कायद्याने त्यांना दोनच जागा दिल्या, कारण ज्याला भाव कळतो त्याचाच भावात स्वार्थ असतो. त्यांना बाहेर ठेवले नाही, त्यांचे ज्ञान मंडळात हवेच होते. फक्त बहुमत त्यांच्या हाती दिले नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती बंदी पुढच्या मे महिन्यापर्यंत राहिली. त्या काळात लिलावाच्या ओट्यावर ट्रॅक्टर लावून उभ्या असलेल्या माणसाचा तोटा आणि ज्याची कांदा साठवायची चाळ भरलेली होती त्याचा हिशेब एकसारखा नव्हता. समितीत बोलणारा माणूस कोणाच्या बाजूने उभा आहे, हे अशा दिवशी कळते.

दुसरे असे की, यश कोणाच्या वहीत मोजायचे? आमच्याकडे सलग सहा हंगाम द्राक्षे घेणारा एक व्यापारी होता. गाड्या होत्या, पॅकहाउस होते, गावच्या सप्ताहाला मोठी वर्गणी होती आणि जिल्हा परिषदेला त्याचे नाव चर्चेत होते. सातव्या हंगामात माझ्यासह कितीतरी जणांचा माल उचलून तो निघून गेला. माझे चार लाख दहा हजार रुपये आजही येणे आहेत. सहा वर्षे तो आमच्या लेखी यशस्वीच होता.

"पोट भरलेला माणूस खाणार नाही" यावर मेनरोड भाऊंनी पुन्हा विचार करावा. विजय मल्ल्या २००२ आणि २०१० असे दोनदा राज्यसभेवर गेले. दुसऱ्या वेळी गेले त्यानंतर दोनच वर्षांत त्यांची विमान कंपनी बंद पडली, बँकांची हजारो कोटींची कर्जे थकली आणि मार्च २०१६ मध्ये ते खासदार असतानाच देशाबाहेर गेले. माझा रोख सर्व उद्योजकांवर नाही. राहुल बजाज हेही महाराष्ट्रातून राज्यसभेवर अपक्ष म्हणून गेले होते आणि सत्तेसमोर स्पष्ट बोलणारे म्हणून त्यांची ओळख होती. दोघेही यशस्वी होते. तेव्हा फरक यशातून आलेला नव्हता.

पंचवटीची लेक

सर्व प्रतिसाद वाचले. पगार, कंत्राट, भाव या सर्वांत ज्यांच्याकडे विकण्यासारखे काही नाही अशा माणसांचा उल्लेख राहून गेला, म्हणून लिहिते.

२०२१ च्या जुलैमध्ये आपल्या शहरात सिटीलिंकची बससेवा सुरू झाली. ती तोट्यात आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी संध्याकाळी निमाणी स्थानकातून गावाकडची बस पकडतात. शेवटच्या फेरीला कधी कधी सहा-सात माणसे असतात. धंद्याच्या नजरेने ती फेरी त्याच दिवशी बंद करण्यासारखी आहे आणि त्या निर्णयात कोणाला दोषही देता येणार नाही, कारण दुकानदार न चालणारा माल ठेवत नाही. पण ती फेरी गेली, तर मावशींना शेवटची दोन घरे सोडावी लागतील. तोटा शहराच्या वहीत लिहिलेला आहे. मावशींचे ते पैसे मात्र कोणत्याच वहीत नाहीत. लोकप्रतिनिधीने हा न लिहिलेला आकडा सभागृहात वाचून दाखवायचा असतो. तोटा वाढतच जाऊ द्यावा, असे माझे म्हणणे नाही. तो घरपट्टी भरणाऱ्यांनीच शेवटी सोसायचा आहे. पण किती सोसायचा आणि कोणासाठी सोसायचा, हे गिऱ्हाईक पाहून ठरत नाही.

माझ्या सासूबाई जिल्ह्यातील एका लहान नगरपालिकेत पाच वर्षे नगरसेविका होत्या. महिलांसाठी जागा राखीव झाली म्हणून त्यांना उभे केले गेले. त्याआधी त्या भाजीची पाटी घेऊन बसत. सही शिकल्या होत्या, वाचायला अडखळत. त्यांनी शंभर पानी वही केली होती. एका पानावर एक गल्ली, प्रत्येक नळाला एक रेघ आणि पाणी किती वाजता आले ते माझ्या धाकट्या दिरांकडून लिहून घेत. उतारावरच्या गल्लीला पाणी सव्वा तास येते आणि टेकडावरच्या गल्लीला वीस मिनिटे, हे त्यांनी वही उघडून सभेत सांगितले, तेव्हा पाणीपुरवठ्याचे अभियंते ती वही मागून घेऊन गेले आणि व्हॉल्व्हच्या वेळा बदलल्या. त्या वहीची पाने पाण्याच्या हातांनी फुगलेली आहेत. मी ती जपून ठेवली आहे.

दादासाहेब गायकवाड याच जिल्ह्यातले. १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनी केले आणि १९५७ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर गेले. त्यांच्या पाठीशी कारखाना नव्हता, पेढी नव्हती. पाच वर्षे मंदिराच्या दारात टिकलेली माणसे होती.

मेनरोड

फुल्यांचे उदाहरण आणि पंचवटीच्या ताईंची वही, या दोन्हींपुढे मी माझा पोट भरलेल्या माणसाचा मुद्दा मागे घेतो. तो मुद्दा मी नीट तपासला नव्हता.

पण माझी मूळ तक्रार कायम आहे. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे नगरसेवकांविना प्रशासकच कारभार पाहत राहिले. त्याआधी शहराचा कायापालट करण्यासाठी स्मार्ट सिटीची स्वतंत्र कंपनीही काढून पाहिली. कंपनी कायद्याखाली, संचालक मंडळासह. त्या कंपनीने अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम एक किलोमीटरचा रस्ता करायला घेतला, तेव्हा तो ठरलेल्या मुदतीत झाला नाही आणि त्या रस्त्यावरच्या दुकानदारांचे दिवाळीचे हंगाम वाया गेले. येथे कंपनीचा साचा होता, पण मुदत चुकली म्हणून झोप उडेल असा माणूस नव्हता. मला सभागृहात तो माणूस हवा आहे. यश नको म्हणता, तर निदान ही झोप उडणे तरी पात्रतेत धरा.

लेखाशीर्ष

ते धरायलाच हवे, मेनरोड. माझ्या हार्डवेअरच्या दुकानदारांमध्ये तेच होते. फक्त ते धंद्यातूनच येते असे नाही, आणि धंद्यातून आलेच तर सोबत मालकीची सवयही येते. मतदाराने दोन्ही वेगळे करून पाहावे.

सातपूरकर (धागालेखक)

सर्वांचे आभार. लेखाशीर्ष साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यासाठी मला दोन रात्री लागल्या.

होय, पुरवठा होतो. माझ्या धाकट्या भावाच्या फर्ममध्ये माझी ३० टक्के भागीदारी आहे आणि ती फर्म पथदिव्यांच्या खांबांचे ब्रॅकेट बनवते. ते ब्रॅकेट एका ठेकेदाराकडे जातात आणि त्याच्याकडून महापालिकेच्या कामावर लागतात. कायद्याच्या भाषेत हा अप्रत्यक्ष हितसंबंध ठरतो की नाही, ते वकील सांगतील. पण स्थायी समितीत पथदिव्यांचा विषय निघाल्यावर मी काय करणार, हे मला वकिलाला विचारण्याची गरज नाही. घरी आलेल्या मंडळींनी माझी २७ वर्षे पाहिली. हे ब्रॅकेट कोणी पाहिले नव्हते, आणि मीही त्यांचा कधी या बाजूने विचार केला नव्हता.

भावाशी बोललो. तो नाराज झाला. भागीदारीतून मी बाहेर पडलो, तर फर्मची बँकेतील कर्जमर्यादा कमी होईल, असे तो म्हणाला आणि ते खरे आहे. तरी सोमवारी आम्ही दोघे सीएकडे जाणार आहोत. मी उभा राहिलो किंवा नाही राहिलो, तरी ती भागीदारी सोडायची हे ठरले आहे. कारण उभे न राहताही त्या मंडळींसोबत मी महापालिकेत अर्ज घेऊन जातो, दिव्यांचेही अर्ज असतात.

पंचवटीच्या ताई, तुमच्या सासूबाईंच्या वहीसारखी वही मी आजपासून सुरू केली आहे. पहिल्या पानावर नाला काढला आहे, वरपासून नदीपर्यंत, आणि त्यावर येणाऱ्या मोऱ्या. सात मोऱ्यांची जागा मला ठाऊक होती. त्याखाली पान कोरे आहे, कारण खालच्या गल्लीच्या पुढे मी कधी चालत गेलोच नव्हतो.

उमेदवारीबद्दल घरी आलेल्या मंडळींना मी पंधरा दिवस मागितले आहेत. रविवारी सकाळी त्या शिलाईवाल्या बाईंकडे जाणार आहे. त्यांचा जुना प्रश्न मीच त्यांना परत विचारणार आहे, की नाला उपसायला मला तुम्ही सांगाल का. त्या काय म्हणाल्या, ते येथे लिहीन.